भीड ही भिकेची बहीण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी काही गोड बोलावे, असा प्रघात आहे. फराळाची ताटे मांडलेली असताना कोर्टकचेरीच्या गोष्टी काढणे हे काहींना रुचणार नाही. परंतु चिटणीसबाईंनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या मंडळात हळदीकुंकवाच्या वेळी ज्या विषयावर सर्वांत अधिक कुजबूज ऐकली, तोच मी आज मोठ्याने बोलणार आहे. तो विषय म्हणजे जुनी गाडी घेणे, आणि ती सदोष निघाली तर विकणाऱ्याशी कसे वागावे हा.

आपली खडवली कल्याण तालुक्यात असली, तरी कल्याण काही आपल्या उंबरठ्याशी नाही. कसाऱ्याकडची गाडी चुकली की पुढच्या गाडीची वाट पाहावी लागते. स्टेशनापासून आत राहणाऱ्यांचे हाल तर विचारूच नका. पावसाळ्यात भातसेला पाणी चढले आणि रस्त्यांवर चिखल झाला म्हणजे दूध, दवाखाना, शाळा, सारेच दूर जाते. म्हणून घरात एक दुचाकी असावी असे ज्याला त्याला वाटते. नवी गाडी घेण्याइतके पैसे गाठीला नसतात, तेव्हा जुनी घेतली जाते. त्यात कमीपणा काहीच नाही. जुनी भांडी आपण कल्हई करून वापरत होतोच. मात्र भांड्याला भोक असले तर आमटी सांडते. गाडीत खोट असली तर माणूस सांडतो. एवढा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

अशा व्यवहारात आपला घात गाडीपेक्षा आपली भीड अधिक करते, असे माझे मत झाले आहे. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या आजी-पणजी म्हणत आल्या. विचारावयाचे ते घेण्यापूर्वी विचारीत नाही, कारण समोरच्याला काय वाटेल! आणि सांगावयाचे ते घेतल्यानंतर सांगत नाही, कारण लोक काय म्हणतील! या दोन मौनांच्या मध्ये आपले पैसे बुडतात.

या मौनाविषयी आपल्या कायद्यात एक फार बोधप्रद उदाहरण आहे. आपल्याकडील कराराचा कायदा १८७२ सालचा आहे. त्या वेळी मोटारी नव्हत्या, म्हणून उदाहरण घोड्याचे दिले आहे. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, नुसते न बोलणे ही लबाडी नव्हे. पुढे लगेच दुसरे उदाहरण येते. घोडा घेणारी ही विकणाऱ्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल तर? तर मात्र घोड्यात खोड असल्यास ती सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते; तेथे नाते बोलावयास लावते. आणि तिसरे उदाहरण तर आपण प्रत्येकीने पदराला गाठ मारून ठेवावे असे आहे. घेणारा म्हणतो, “तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन.” यावर विकणारा गप्प बसला, तर कायदा म्हणतो, हे त्याचे गप्प बसणे बोलण्यासारखेच आहे.

भगिनींनो, दीडशे वर्षांपूर्वीच्या या तीन ओळींत सारे शहाणपण आले. बाजारातला प्रत्येकजण काही आपला बाप नसतो. तो आपण होऊन सांगेल ही आशा व्यर्थ. परंतु आपण स्पष्ट विचारले, की त्याचे मौनही त्याला बांधून घेते. आणि न विचारता घेतले, तर बांधले जातो आपण.

आता माझ्या घरातलीच हकिकत सांगते. माझी धाकटी जाऊ डबे करते. सातवीपर्यंत शिकलेली, पण हिशेबात पक्की. तिचे सव्वीस डबे होते. निम्मे खडवलीत आणि निम्मे टिटवाळ्यात. लोकलमधून डबे नेताना जीव मेटाकुटीला येई, म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत तिने जुनी स्कूटर घ्यावयाचे ठरविले. कल्याणच्या बाजूला जुन्या गाड्या विकणारे एक दुकान आहे. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. सोबत म्हणून मी गेले. बेचाळीस हजारांना सौदा ठरला. दुकानदार मोठा गोडबोल्या. “ताई, एकाच हातची गाडी आहे, डोळे मिटून घेऊन जा,” असे त्याने तीनदा सांगितले.

जाऊ म्हणाली, “दादा, डोळे मिटून नेईन, पण आधी दोन गोष्टी सांगा. गाडीला अपघात झालेला नाही ना? गाडीवर कुणाचे कर्ज नाही ना?”

“छे छे, अजिबात नाही.”

“मग एवढे बिलाच्या मागे लिहून द्या.”

तो जरा चपापला. म्हणाला, “लिहून कशाला? आमच्यावर विश्वास नाही का?”

ती शांतपणे म्हणाली, “विश्वास आहे म्हणून तर गाडी घेते आहे. तुम्हाला खात्री आहे, मग लिहायला काय हरकत?”

विश्वास पानिपतात गेला असे आपण थट्टेने म्हणतो. पण माझ्या जावेने विश्वासालाच कागदावर उतरविले. ‘अपघात नाही, कर्ज नाही’ एवढे चार शब्द आणि खाली सही. निम्मे पैसे तिने बँकेतून दिले, निम्मे रोख. रोखीची पावती घेतली. बिलावर ‘जशी आहे तशी’ असा शिक्काही होता, तो आम्ही दोघींनीही पाहिला.

रीतीप्रमाणे गाडी टिटवाळ्याच्या गणपतीपुढे उभी केली, हार घातला, लिंबू चिरडले. आठ दिवस गाडी बरी चालली. नवव्या दिवशी हँडल एका बाजूला ओढू लागले. टिटवाळ्याच्या गॅरेजवाल्याने पुढचा भाग खोलून दाखविला, तेव्हा सांगाड्यावर वेल्डिंगचा जाड सांधा दिसला. वरून रंग मारलेला. तो म्हणाला, “वहिनी, ही गाडी समोरून आपटलेली आहे. हा सांधा केव्हा सुटेल, सांगता येत नाही.” मागे बसवून ती रोज मुलीला शाळेत सोडीत होती, हे आठवून माझ्या जावेचे हातपाय गार पडले.

येथून पुढे काय करावे, हे नीट ऐका. कारण पुष्कळजणी येथेच चुकीच्या वाटेला लागतात. पहिला मोह होतो तो दुरुस्तीचा. चार-पाच हजार घालू आणि विषय संपवू, असे वाटते. परंतु दुरुस्ती केली की दोषाचा पुरावा नाहीसा होतो. म्हणून गाडी जशीच्या तशी उभी करून ठेवली. खोललेल्या भागाचे फोटो घेतले. गॅरेजवाल्याकडून त्याच्या छापील कागदावर काय आढळले ते तारखेसह लिहून घेतले. दुसरा मोह होतो दिवस घालविण्याचा. सण होऊ द्या, लग्न होऊ द्या, मग पाहू! वस्तुविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. त्याप्रमाणे माल नाकारल्याचे विकणाऱ्याला न कळविता वाजवी मुदतीपलीकडे तो आपल्याजवळ ठेवला, तर आपण तो स्वीकारला असे धरले जाते. तेव्हा ज्या दिवशी दोष कळला, त्याच दिवशी कळवावे. जावेने त्याच संध्याकाळी दुकानदाराला मोबाइलवर संदेश पाठविला, म्हणजे तारखेची नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दुकानात गेलो. आरडाओरडा करावयाचा नाही, असे आधीच ठरविले होते. दुकानदाराने तीन उत्तरे दिली, आणि ही तीन उत्तरे तुम्हांलाही कोठे ना कोठे ऐकावयास मिळतील.

पहिले उत्तर : “जुनी गाडी म्हटली की झीज आलीच.” हे अर्धे खरे आहे. टायर झिजणे, ब्रेकचे लायनर संपणे, बॅटरी उतरणे ही झीज. त्याची तक्रार करू नये. तेवढ्यासाठीच किंमत कमी असते. परंतु मोडलेला सांगाडा जोडून रंगविणे ही झीज नव्हे, ते झाकणे होय. जावेने फोटो पुढे ठेवला आणि बिलाची मागची बाजू दाखविली.

दुसरे उत्तर : “बिलावर शिक्का आहे, जशी आहे तशी.” त्यावर आम्ही म्हटले, गाडी जशी आहे तशी घेतली हे खरे, पण कशी आहे ते तुम्ही लिहून दिलेत, आणि ते खोटे निघाले. खोटे सांगून मिळविलेल्या संमतीने झालेला सौदा रद्द करण्याचा हक्क १८७२ च्या त्याच कायद्याने दिलेला आहे. मात्र येथे एक तळटीप हवी. साध्या तपासणीने जे सहज दिसले असते, ते न पाहता घेतले, तर हा हक्क लंगडा पडू शकतो. म्हणून घेण्यापूर्वीच ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा. आम्हीही त्याच्या दुकानातल्या मेकॅनिकखेरीज एक बाहेरचा नेला होता. पण पुढचे आवरण खोलल्यावाचून तो सांधा दिसण्यासारखा नव्हता, असे त्यानेही लिहून दिले.

तिसरे उत्तर फार जुने आहे : “ताई, घरातल्या पुरुषमाणसाला पाठवा, त्यांच्याशी बोलतो.” यावर माझी जाऊ म्हणाली, “पैसे घेताना पुरुषमाणूस लागला नाही, मग परत देताना कशाला?” दुकानात दोन-चार गिऱ्हाइके होती. ती हसली. दुकानदार हसला नाही.

त्या दिवशी काहीच मिळाले नाही. मग पत्र लिहिले. पत्रात शिव्याशाप नाहीत, धमकी नाही. गाडी कोणती, केव्हा घेतली, किती पैसे कसे दिले, तुम्ही काय लिहून दिले, प्रत्यक्षात काय आढळले, आम्हांला काय हवे, आणि पंधरा दिवसांत उत्तर यावे, एवढेच. पोचपावतीच्या टपालाने पाठविले आणि प्रत जपून ठेवली. पंधरा दिवस गेले. उत्तर नाही. मग १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविली. हा सरकारचा ग्राहकांसाठीचा दूरध्वनी आहे. तेथे मराठीतही बोलता येते. त्याच वेळी ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे द्यावयाचा अर्ज तयार केला.

या आयोगाविषयी अकारण भीती आहे, ती काढून टाका. ग्राहकांचा पहिला कायदा १९८६ चा. त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. दुकान नाशिकला असले तरी आपल्याला ठाणे चालते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील केलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची. आता ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते. आणि गाडी पोटासाठी घेतली, तिच्यावर आपण स्वतः राबतो, तरी आपण ग्राहकच. धंद्यासाठी घेतली म्हणून कायदा आपल्याला दारातून परत पाठवीत नाही. डबेवालीला हे माहीत असलेच पाहिजे.

अर्ज दाखल करण्याच्या आदल्या आठवड्यात दुकानदाराचा फोन आला. बेचाळीसपैकी एकोणचाळीस हजार परत देतो, तीन हजार वापराचे कापून घेतो, म्हणाला. त्या तीन हजारांसाठी लढता आले असते. पण निर्णय जावेचा होता. ती म्हणाली, “ताई, तीन हजारांसाठी मी ठाण्याच्या खेपा घातल्या, तर उरलेले डबेही जातील.” तोवर अकरा डबे तुटलेच होते. पैसे बँकेत जमा झाल्यावरच गाडी दिली. नाव बदलण्याचे सह्या केलेले कागद परत घेतले. गाडी कोणत्या दिवशी, किती वाजता ताब्यात दिली ते लिहून घेतले. आणि त्या कागदावर जावेने आपण होऊन एक ओळ वाढविली : ‘सांगाडा अपघातात मोडून जोडलेला असल्याने गाडी परत केली.’ दोन्ही प्रतींवर दुकानदाराची सही आहे. ती गाडी पुढे कोणाच्या पदरी पडली असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही. परंतु ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणावयास त्याला आता जागा राहिलेली नाही. ती प्रत आमच्या घरी आहे.

आता कोणी म्हणेल, दुकानदाराचे ठीक आहे, पण गाडी शेजाऱ्याकडून किंवा नात्यातल्या माणसाकडून घेतली तर? येथे खरी पंचाईत आहे. ग्राहकांचा कायदा धंदा करणाऱ्यासाठी आहे. घरची एक गाडी विकणाऱ्या शेजाऱ्यावर त्याखाली जाता येत नाही, दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते. आणि ज्याच्याशी रोज सकाळी त्याच लोकलला गाठ पडते, त्याच्यावर दावा कोण लावणार? म्हणूनच शेजाऱ्याला तर अधिक स्पष्ट विचारावे, आणि अधिक स्पष्ट लिहून घ्यावे. पुष्कळांना हा नात्याचा अपमान वाटतो. माझे म्हणणे उलट आहे. न विचारलेला प्रश्न मनात कुजतो, आणि मग दोन घरांतील वाटीची देवाणघेवाण बंद होते. विचारलेला प्रश्न एक मिनिट अवघड वाटतो, एवढेच.

घेण्यापूर्वी काय पाहावे ते थोडक्यात सांगते. गाडीच्या नोंदणीपुस्तकावरील इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. सरकारच्या परिवहन ॲपवर क्रमांक घालून विमा, कर्जाचा बोजा आणि नोंदणीची मुदत पाहावी. कर्ज फिटले असले तर बँकेचा दाखला आणि नमुना ३५ घ्यावा. दंडाच्या पावत्या थकलेल्या नाहीत ना ते पाहावे. दुकानदार असेल, तर परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र मागावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना ते घ्यावे लागते. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्यावाचून शेवटचा हप्ता देऊ नये.

हे झाले घेणारीचे. पण भगिनींनो, आपणही कधी विकणाऱ्या असतो. मुलाने नवी गाडी घेतली की जुनी आपण कोणाला तरी देऊन टाकतो. तेव्हा नाव बदलून घेण्याचा कंटाळा करू नका. गाडी विकली, पण नोंदणी आपल्याच नावावर राहिली, आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितले आहे.

आणि विकताना खोटही सांगा. अमेरिकेत सदोष जुन्या मोटारीला लोक ‘लेमन’, म्हणजे लिंबू म्हणतात. आपण लिंबू गाडीला बाहेरून बांधतो. त्यांच्याकडे ते आतून निघते! या लिंबांवर जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक निबंध लिहिला, आणि त्या कामासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांचे म्हणणे साधे आहे. घेणाऱ्याला चांगली आणि वाईट गाडी ओळखता येत नाही, म्हणून तो सर्वच गाड्यांना कमी किंमत देतो. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, एवढ्यात कशाला विकू? तो बाजारातून निघून जातो, आणि बाजारात उरतात ती लिंबेच. म्हणजे एकाच्या लपवाछपवीने घेणारा तर फसतोच, पण शेजारचा प्रामाणिक विकणाराही बुडतो. खडवलीसारख्या गावात, जेथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तेथे खरे सांगून विकणाऱ्या घराचे नाव होते, आणि ते नाव पुढच्या सोयरिकीपर्यंत उपयोगी पडते.

विचारणे हे बायकांचे काम नव्हे, असे कोणी म्हणाले तर त्यांना आपला इतिहास सांगा. १९६६ साली मुंबईत काही गृहिणींनीच एकत्र येऊन ग्राहकांना मार्गदर्शन करणारी संस्था काढली. १९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. साखर-तेलाच्या मापासाठी ज्या बोलल्या, त्यांच्या लेकीसुनांनी गाडीच्या सांगाड्यासाठी गप्प का बसावे?

माझी मंडळाला एकच सूचना आहे. विकणाऱ्याने काय लिहून द्यावे याचा एक नमुना, आणि दोष निघाल्यास पाठवावयाच्या पत्राचा एक नमुना, असे दोन कागद मंडळाच्या कपाटात ठेवावेत. जिला गाडी घ्यावयाची असेल तिने ते न्यावेत, आणि एकटीने न जाता मंडळातील एकीला सोबत न्यावे. माझ्या जावेने पुन्हा जुनीच स्कूटर घेतली. या वेळी बिलाच्या मागे सात ओळी लिहून घेतल्या, आणि आता तिचे डबे तेवीसवर आले आहेत.